आधी थंडावा, मग लाकूड

मदिनत अश शमाल, कतार
फेब्रुवारीअखेर

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं, सोबतचा हिशेबाचा कागदही मिळाला. दादाचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, शेराही तू न वगळता लिहिलास हे बरं केलंस : "पिंपात पैसा ओतायचा असेल, तर त्यापेक्षा शेततळ्याला कागद अंथरू." वाचून हसलो. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या निफाडच्या मळ्यातल्या दोन एकर वाइन-द्राक्षांचा माल दर वर्षी दुसऱ्याच्या वायनरीला घालण्याऐवजी तिथलीच टाकी भाड्याने घ्यायची आणि घरच्या नावाची पांढरी वाइन काढायची. ती ओकच्या लाकडात हलकीशी मुरवायची आणि त्यासाठी दहा नवी फ्रेंच बॅरल मागवायची. निम्मे पैसे काकाने द्यायचे.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. पैसे देईन. पण दहा नव्या बॅरलचे नाही, दोनचे. उरलेली रक्कम थंडाव्यावर खर्च कर.

तू म्हणशील, काकाला वाइनमधलं काय कळतं? खरं आहे. पण मला थंडीतलं कळतं. माझं कामकाजाचं आयुष्य थंडी तयार करण्यात गेलं. इथून जवळ रास लफानला समुद्राखालचा वायू उणे १६२ अंशांपर्यंत गार करतात. तेव्हा त्याचा द्रव होतो, आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटतं आणि मग तो जहाजात भरता येतो. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना ही थंडी टिकवायची म्हणजे काय खर्च येतो आणि ती जराशी हुकली तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. आपल्याकडची पांढरी वाइन ही सुद्धा, अर्ध्याहून अधिक, थंडीचीच गोष्ट आहे.

आणि हे मी लिहितोय अशा गावातून, जिथे वाइनशी माझा काही संबंध येत नाही. कतारमध्ये मद्य उघड विकत नाहीत. परवाना असलेली हॉटेलं आणि मुस्लिमेतर रहिवाशांना परवान्यावर देणारी सरकारमान्य व्यवस्था, एवढंच. विमानतळावरून बाटली आणता येत नाही, चारचौघांत पिणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी तर सामने सुरू व्हायला दोन दिवस राहिले असताना स्टेडियमच्या आवारातली बिअरविक्री बंद झाली. मी इथे परवाना काढला नाही. ज्या देशाचं मीठ खातो, त्याच्या रीतीने राहायचं. निफाडला रजेवर आलो की तुम्ही समोर ठेवाल ते चाखतो, तेवढीच माझी चव.

पण इथे शमालला एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, तुझ्या कामाची. आमच्या गावाच्या नैऋत्येला, किनाऱ्याने गेलं की अझ झुबारा लागतं. अठराव्या शतकात मोत्यांच्या व्यापारावर भरभराटलेलं हे शहर आता वाळूत आहे. २०१३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. तिथल्या उत्खननात घरांमधून खजुराचा रस काढायच्या खोल्या सापडल्या. त्यांना इथे मदबसा म्हणतात. चुन्याच्या गिलाव्याच्या जमिनीवर समांतर पन्हळी असतात, त्यांवर खजुराची पोती एकावर एक रचायची. वरच्या पोत्यांच्या भाराने आणि उन्हाच्या उष्णतेने खालच्या खजुरातून काकवीसारखा दाट रस पाझरतो आणि पन्हळीतून वाहत कोपऱ्यात पुरलेल्या रांजणात जमतो. ना घाणा, ना आग. तो रस वर्षभर टिकतो, कारण त्यात साखर इतकी गच्च असते की यीस्ट वाढूच शकत नाही.

आता आपल्या घडांकडे बघ. वाइनची द्राक्षं आपण साधारण २२ ते २३ ब्रिक्सला, म्हणजे रसात जवळपास तेवढे टक्के साखर भरली की, तोडतो. रसाचा पाऊण हिस्सा पाणी आणि उरलेल्यात बहुतेक साखर. यीस्टला याहून सुखाची जागा नाही. इथल्या लोकांना त्यांच्या हवेत, त्यांच्या फळात, टिकवण्याचा जो मार्ग सापडला तो उष्णतेचा होता. तुझा मार्ग उलटा आहे. तुझा रस तोडल्या क्षणापासून धावायला लागतो आणि त्याला सावकाश चालायला लावणं हेच तुझं काम.

निफाडला निसर्गाने यासाठी एक सोय करून ठेवली आहे. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं त्याने लिहून ठेवलं. कारण आपल्या हवेत वेल युरोपातल्यासारखी हिवाळ्यात झोपत नाही. आपण एप्रिलला खरड छाटणी करून काडी घडवतो आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी करून घड घेतो. छाटणी दोन वेळा, पीक एकदाच. त्यामुळे फ्रान्समध्ये जे फळ उन्हाळ्याच्या शेवटी पिकतं, ते आपल्याकडे थंडीत पिकतं. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली जातो. दिवसा ऊन साखर भरतं आणि रात्रीची थंडी आंबटपणा राखते. पण हा खेळ फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच. ऊन तापू लागलं, की फळातलं मॅलिक आम्ल झपाट्याने कमी होतं, पीएच वर चढतो आणि दोन दिवस उशिरा तोडलेल्या मालाची वाइन जड, सपाट लागते. मग त्यावर लाकूड चढवून काही उपयोग नाही. म्हणून पहिला खर्च मजुरांवर कर. तोडणी पहाटे अंधारात सुरू होऊन ऊन चढायच्या आत संपली पाहिजे. क्रेट सावलीत, आणि जमलं तर थेट शीतगृहात. दादाला हे पटवायला तुला कष्ट पडणार नाहीत. निर्यातीच्या थॉमसन द्राक्षांना प्रीकूलिंग कशाला लागतं, हे त्याला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.

दुसरा खर्च टाकीचा. पांढऱ्या वाइनचं आंबवणं १४ ते १६ अंशांवर दोन-तीन आठवडे चालायला हवं. यीस्ट काम करताना स्वतःची उष्णता सोडतं. तिला आवर घातला नाही, तर टाकी पंचवीसच्या पुढे जाते आणि फळाचा सगळा वास वायूबरोबर उडून जातो. म्हणून स्टीलच्या टाकीला दुहेरी भिंत असते आणि तिच्यातून ग्लायकॉल फिरतं. भाड्याने टाकी घेताना फक्त लिटर विचारू नकोस. चिलर किती क्षमतेचा आहे, एका वेळी किती टाक्या त्यावर चालतात, वीज गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो, हे विचार. तोडणीच्या गर्दीत सगळ्यांच्या टाक्या एकदम तापतात, तेव्हा छोट्या भाडेकरूचा नंबर शेवटी लागतो. करारात तापमानाची अट लिहून घे आणि रोजच्या नोंदीची प्रत माग.

आता लाकडाकडे येऊ. ओकचं बॅरल द्राक्षाच्या वाइनला दोन गोष्टी देतं. एक, फळ्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपणारी हवा, तिने वाइनला थोडं अंग येतं. दुसरी, वास. फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊनपावसात ठेवून मग आगीवर शेकतात. त्यातून व्हॅनिला येतो, नारळासारखा वास येतो, आणि लवंगेत जो युजेनॉल असतो तोच इथेही येतो. अमेरिकन ओकमध्ये नारळ अधिक, फ्रेंच ओक मवाळ. जास्त शेकलं तर धुराचा वास. नवं बॅरल पहिल्या वर्षी भरभरून देतं, दुसऱ्या वर्षी कमी, आणि तीन-चार भरण्यांनंतर त्यात हवेशिवाय फारसं काही उरत नाही. तेव्हाही ते निकामी होत नाही. उलट "हलकं" म्हणतात ते अशाच वापरलेल्या बॅरलांतून साधतं.

लाकूड म्हणजे लग्नातली सनई. नसली तर मांडव सुना वाटतो, पण पंगतीतही सनईच कानावर आदळत राहिली तर वधूवरांशी बोलायचं कुणी? तुझी वधू शार्डोने आहे. तिचा स्वतःचा वास फारसा ठळक नसतो, म्हणून तिच्यावर लाकूड लवकर बसतं, आणि लवकर जास्तही होतं. शेनिन ब्लाँ आपल्या मातीत चांगली रुजली आहे, आंबटपणा धरून ठेवते. तिला मात्र स्टीलमध्येच राहू दे, थोडा भाग जुन्या बॅरलमध्ये घालून बघायला हरकत नाही. नंतर दोन्ही मिसळायच्या.

हिशेब करू. दोन एकर, एकरी चार टन. त्याहून जास्त घड ठेवू नकोस, वाइनच्या वेलीला ओझं नको. आठ टनांतून टनाला साडेसहाशे लिटरप्रमाणे सुमारे ५,२०० लिटर, म्हणजे सात हजारांच्या आसपास बाटल्या. एक बॅरल २२५ लिटरचं, बरोबर तीनशे बाटल्यांचं. तुझ्या दहा नव्या बॅरलांत २,२५० लिटर बसेल. चाळीस टक्क्यांहून अधिक वाइन कोऱ्या लाकडात. बाळ, ही "हलकी" कुठे राहिली? आणि एका नव्या फ्रेंच बॅरलला हजार युरोच्या आसपास पडतात, वर जहाजभाडं आणि आयातशुल्क. त्याऐवजी दोन नवी घे आणि चार वापरलेली घे. वापरलेली घेताना आत पांढरीच वाइन मुरलेली असेल याची खात्री कर, रेडचं बॅरल घेतलंस तर वाइनला त्याचा रंग लागेल. सहा बॅरलांत १,३५० लिटर, एकूण मालाचा चौथा हिस्सा. चार-पाच महिने यीस्टच्या गाळावर मुरू दे, अधूनमधून काठीने गाळ ढवळ, बाष्पीभवनाने पातळी उतरली की भर घाल. मॅलोलॅक्टिक, म्हणजे आम्ल मवाळ करणारं ते दुसरं आंबवणं, पूर्ण होऊ देऊ नकोस. ते थंड देशातल्या आंबट रसाला हवं असतं. आपल्याकडे आम्ल आधीच बेताचं.

आणि ही बॅरल ठेवणार कुठे? बॅरलला ग्लायकॉलची भिंत नसते. एप्रिल-मे महिन्यांत निफाडला चाळीस अंश आणि कोरडी हवा असते, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ती तहानलेली फळी तुझीच वाइन पिऊन टाकेल. खोलीच पंधरा अंशांच्या आसपास आणि दमट ठेवावी लागते. दहा बॅरल आणि उघडी शेड, यापेक्षा सहा बॅरल आणि नीट गार केलेली एक छोटी खोली, हा व्यवहार शंभर वेळा चांगला. ओकच्या चिप्सची पिशवी टाकीत सोडायचा सल्ला कुणी देईलच. युरोपनेही २००६ पासून त्याला परवानगी दिली आहे. त्यात पाप नाही, पण मग लेबलवर बॅरलचं चित्र काढू नकोस.

हलक्या लाकडाचा माझा आग्रह आणखी एका कारणाने आहे, आणि ते आपल्या ताटात आहे. तिखटाबरोबर मद्याची जळजळ वाढते आणि लाकडाचा तुरटपणा कडवट लागतो. काळ्या मसाल्याच्या रश्शासमोर जड ओकची वाइन टिकत नाही, दोघंही हरतात. पण नारळाच्या रसातली कोंबडी, तव्यावर कमी तिखटात भाजलेली सुरमई, तुपातली मटार उसळ, वहिनीची खोबऱ्याची भरली वांगी यांच्या शेजारी हलक्या ओकची शार्डोने शोभते. इथे रुवैसच्या बंदरावर ताजी मासळी उतरते. आम्ही ती लिंबू पिळून खातो, आणि मला हमखास तुझ्या कल्पनेतली ती वाइन आठवते. देताना फ्रिजमधली बर्फगार देऊ नकोस, दहा-बारा अंशांवर दे, नाहीतर लाकडाचे पैसे वाया.

आजूबाजूला कुणी काय केलं, तेही बघ. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाइन आली. ती सोविन्यॉन आणि शेनिनची, ताजी, फळाच्या वासाची. भारतीय माणूस पांढऱ्या वाइनकडे वळला तो अशा ताजेपणामुळे. आपल्याच तालुक्यात कुंदेवाडीच्या पाटील कुटुंबाने स्वतःच्या मळ्यावर "रेवेलो" उभी केली. इटालियन वाइनमेकर आणला, नेरो द'आवोला आणि ग्रिलोसारख्या इटलीच्या जाती लावल्या आणि बॅरलमध्ये मुरवलेली रिझर्व्ह शार्डोनेही काढली. तिथे जा, विचारून घे. अकलूजला फ्रातेल्लीत मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशी तीन घरं एकत्र आली. गंगापूर धरणाच्या काठी गंगावऱ्हेला गुरनानी कुटुंबाने "यॉर्क" नावारूपाला आणली आणि २०२१ मध्ये ती सुलाकडे गेली. यातून एक लक्षात ठेव : वाइन चांगली करणं हे अर्धं काम. ती विकणं, प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना आणि कर भरणं, हे उरलेलं अर्धं, आणि तेच घरगुती वायनरीला दमवतं.

दादाच्या विरोधाला मी नुसता कंजूषपणा म्हणणार नाही. २००१ च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क झाला, लोकांनी थॉमसन काढून वाइनच्या जाती लावल्या. मग २००८-०९ ची मंदी आली, मागणी बसली आणि माल घ्यायला कुणी राहिलं नाही. कित्येकांनी वेली उपटल्या. वाइनच्या द्राक्षाचं दुखणं हेच आहे. मणी बारीक, बिया भरलेल्या. ते पिंपळगावच्या बाजारात खायला विकता येत नाही, त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. एकच गिऱ्हाईक. इथल्या किनाऱ्यानेही ते सोसलं आहे. शमालची ही सगळी जुनी गावं मोत्यांवर जगायची, मोती मुंबईच्या बाजारात जायचे. १९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती एकत्र आले आणि धंदा उलथला. तेल मिळेपर्यंत इथल्या लोकांनी फार हलाखी काढली. म्हणून दादाच्या थॉमसनच्या प्लॉटला हात लावू नकोस. तुझ्या दोन एकरांचाही निम्मा माल पहिली तीन वर्षं वायनरीला कराराने घालत राहा. वरचा हिशेब पूर्ण मालाचा आहे, तू त्याच्या निम्म्यापासून सुरुवात कर : एक नवं बॅरल, दोन वापरलेली. दुसऱ्या नव्या बॅरलचे पैसे माझ्याकडे ठेवतो.

वहिनीचं मन मोडू नकोस. ती माळकरी घरातली आहे, तिला हा उद्योग रुचत नाही, आणि तिला "वाइन म्हणजे दारू नव्हे" असं समजावू नकोस. २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर केवढा गदारोळ झाला ते तू पाहिलंस. तेव्हा बाजूने बोलणारेही हेच वाक्य म्हणत होते. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं आणि ते कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं, की मद्याचं कुठलंच प्रमाण पूर्ण निर्धोक नाही. तेव्हा हृदयाला चांगली, पचनाला चांगली, असं कुठल्याही पत्रकात छापू नकोस. शेतकऱ्याच्या मुलीने केलेली, नीट पिकवलेली, जेवणाबरोबर थोडी घेण्याची वस्तू, एवढंच सांग. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी, ज्याला नाही त्याने नाही. वहिनीलाही हे ऐकायला कमी जड जाईल.

पैसे दोन हप्त्यांत पाठवतो. पहिला हप्ता खोलीच्या इन्सुलेशनचा आणि कूलिंग युनिटचा. खोली पंधरा अंशांवर सलग एक महिना टिकली, की त्या नोंदीचा कागद मला पाठव. मग बॅरलची ऑर्डर दे. त्याआधी नको. मळा आपला आहे, फळ आपलं आहे. पिणाऱ्याला पहिल्या घोटात निफाडचं फळ लागलं पाहिजे आणि लाकूड आहे की नाही याचा त्याला थोडा विचार करावा लागला पाहिजे. तसं झालं तर तू जिंकलीस. दादाला नमस्कार सांग, आणि शेततळ्याचा कागदही या वर्षी होऊन जाऊ दे. पाणी नसेल तर तुझी वाइनही नाही आणि त्याचं थॉमसनही नाही.

तुझा,
काका